पाटीवर ६०, काट्यावर किती?

काटेकोर

वेगमर्यादेची पाटी दिसली की प्रत्येक जण मनातल्या मनात तिच्यात काहीतरी मिळवतो. कोणी पाच, कोणी दहा, कोणी सरळ वीस. पाटीवर ६० असताना काट्यावरही ६० ठेवणारा विरळाच, आणि असा कोणी निघालाच तर मागचे डिपर मारून त्याला हैराण करतात. वीस मिळवणाऱ्याला तीस मिळवणारा बेफाम वाटतो आणि पाच मिळवणारा रस्ता अडवणारा. स्वतःचा आकडा मात्र सगळ्यांनाच समंजस वाटतो.

तर प्रश्न दोन आहेत. मोकळ्या रस्त्यावर, कॅमेरा नसताना, तुम्ही मर्यादेच्या किती वर जाता? आणि 'एवढं चालतं' ही रेघ तुमच्या डोक्यात आली कुठून? दंडाच्या भीतीने, शिकवणाऱ्याने सांगितलं म्हणून, की बाकीचे जातात म्हणून? खरं लिहा, इथे कोणी पावती फाडत नाही.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे झोडपायला सोपं जाईल. दहापर्यंत वर जाणं मला नियमभंग वाटत नाही. मर्यादेला चिकटून बसण्यापेक्षा प्रवाहाबरोबर जाणं जास्त सुरक्षित.

खडखडाट

शून्य. गाडीच साठच्या पुढे थरथरायला लागते. कायदापालनाचं पुण्य आपोआप पदरात.

उजवी_लेन

मर्यादा अधिक दहा टक्के. ६० ला ६६, १०० ला ११०. कुठून आलं ठाऊक नाही, पण आमच्या घरात सगळेच असं चालवतात. बहुधा आनुवंशिक असावं.

पायडलवाली

@काटेकोर, प्रवाह प्रवाह म्हणताय, पण त्या प्रवाहात तुम्हीही आहात की. प्रत्येक जण बाकीच्यांकडे बोट दाखवून दहा मिळवतो, मग ते दहा सगळ्यांचेच होतात, आणि नवीन येणारा त्यावर आणखी पाच चढवतो. मी सायकल चालवते. माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून सुसाट जाणाऱ्याला प्रवाहाची काळजी असते, माझी नसते.

उतारावरचा

माझा नियम सोपा आहे. मला कोणीतरी ओव्हरटेक करतंय आणि मीही कोणालातरी करतोय, म्हणजे वेग बरोबर.

रस्तेमोजणी

रस्ते वाहतूक हाच व्यवसाय असल्यामुळे थोडं लांबण लावतो.

काटेकोर जे म्हणतायत त्यामागे अभियांत्रिकीतली एक जुनी परंपरा आहे. मर्यादा ठरवायची अमेरिकेतली रूढ पद्धत अशी: रस्ता मोकळा असताना येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे वेग मोजायचे आणि शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाला किंवा त्याच्या आत आहेत, तो वेग काढायचा. ८५ वा पर्सेंटाइल म्हणतात त्याला. मग तो जवळच्या पाचाच्या पटीत आणायचा आणि पाटी लावायची. बहुसंख्य चालक शहाणे असतात, उरलेल्या पंधरांना आवरायचं, हे त्यातलं गृहीतक.

अडचण पायडलवाली म्हणतात तीच. पाटी वाढवली की काही काळाने लोक नव्या पाटीतही दहा मिळवतात. पुन्हा मोजलं की ८५ वा पर्सेंटाइल वर सरकलेला. शिवाय या मोजणीत फक्त गाड्या येतात, रस्ता ओलांडणारे येत नाहीत. अमेरिकेच्या वाहतूक फलकांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेची २०२३ सालची आवृत्ती निघाली, तेव्हा त्या एका आकड्यावरचा भर कमी करून आजूबाजूची वस्ती, पादचारी, सायकली हेही बघा असं सांगितलं गेलं.

पण मला विचाराल तर पाटीचं महत्त्व सगळेच फार वाढवून सांगतात. लोक वेग ठरवतात तो रस्ता बघून. लेन रुंद, रेष सरळ, दोन्ही बाजूंना मोकळं असलं की पाय आपोआप दाबला जातो. तिथे ४० ची पाटी लावा, लोक ६५ नेच जाणार. उलट रस्ता अरुंद, झाडं जवळ, पुढचं वळण दिसत नाही, तिथे ५० ची पाटी असूनही ३५. नुसती पाटी बदलून वेग उतरलेला माझ्या कामात क्वचितच बघितलाय. लेन अरुंद केली, चौकाचा कोपरा आवळला, तेव्हा उतरला.

उजवी_लेन

म्हणजे दोष रस्त्याचा. मी निर्दोष. हा प्रतिसाद छापून गाडीत ठेवतो.

रस्तेमोजणी

पाय तुमचाच आहे हो.

तांत्रिक_खाज

सगळे 'मी दहा वर जातो' म्हणतायत, पण काट्यावरचे दहा की खरे दहा?

वाहनांसाठी संयुक्त राष्ट्रांचे जे नियम आहेत त्यातला ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरचा. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, आणि तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किमी इतकं. म्हणजे गाडी खरोखर १०० ने जात असेल तर काटा १०० ते ११४ मध्ये कुठेही असला तरी नियमात बसतो. टायर झिजतो, हवा कमी-जास्त होते, या सगळ्यात चुकूनसुद्धा कमी दाखवायला नको म्हणून गाडी बनवणारे तो थोडा पुढेच ठेवतात.

पडताळायचं असेल तर शेजारी बसलेल्याला मोबाईलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा. रस्ता सरळ आणि सपाट हवा, वेग स्थिर हवा. बोगद्यात किंवा वेग बदलत असताना जीपीएसचं काही खरं नाही.

काटेकोर

म्हणजे माझे दहा मुळात पाच-सहाच असणार! मी तर संत निघालो.

तांत्रिक_खाज

संतपदाची घाई नको. काही गाड्यांचा काटा जवळजवळ अचूक असतो. आधी तुमचा तपासा, मग प्रवचन.

परदेशी_पाहुणा

जर्मनीत काही वर्षं गाडी चालवली आहे. तिथे कॅमेऱ्याने मोजलेल्या वेगातून यंत्राच्या चुकीपोटी वजावट करतात: १०० पर्यंत ३ किमी आणि त्यापुढे ३ टक्के. हे लोकांना पाठ असतं. त्यामुळे काट्याची चूक अधिक वजावट, असा हिशेब करून प्रत्येकाने आपापला आकडा ठरवलेला. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या मार्गदर्शक सूचनांत दहा टक्के अधिक २ मैल असा उंबरठा आहे. ३० मैलांच्या रस्त्यावर ३५ ला कारवाई सुरू, ७० ला ७९. त्याआधी पकडायचंच नाही असं काही नाही, पण ३० च्या पाटीखाली बरोब्बर ३४ वर काटा धरून बसणारे मला तिथे पुष्कळ भेटले. सूट किती आहे हे एकदा कळलं की तीच मर्यादा होऊन बसते.

ऑटोबानचा, म्हणजे जर्मनीतल्या द्रुतगती मार्गांचा, विषय निघायच्या आत सांगतो. 'तिथे मर्यादाच नाही' हे अर्धसत्य आहे. बऱ्याच पट्ट्यांवर आहे. जिथे नाही तिथे १९७८ पासून १३० ची शिफारस आहे. शिफारस मोडली म्हणून दंड नाही, पण त्याहून जास्त वेगात असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही भरपाईतला काही भाग तुमच्या माथी येऊ शकतो.

बुंगाट

मर्यादा हवीच कशाला? ज्याने त्याने आपल्या समजुतीने चालवावं.

इतिहासात_रमलेला

@बुंगाट, हा प्रयोग करून झालाय. अमेरिकेत १९७४ पासून ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा होती. १९९५ मध्ये ती उठली, तेव्हा मोंटाना राज्याने दिवसासाठी आकडाच ठेवला नाही. परिस्थितीला साजेशा, समंजस वेगाने जा एवढंच सांगितलं. १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं. किती वेग समंजस हे चालकाला आधी कळणार कसं, हा मुद्दा होता. पुढच्या वर्षी ७५ मैलांच्या पाट्या आल्या.

आणि धाग्यातल्या मूळ प्रश्नाचं ऐतिहासिक उत्तर आहे 'चौपट'. १८९६ साली इंग्लंडमधल्या केंटमध्ये वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी २ मैलांच्या हद्दीत ८ मैलांनी मोटार हाकत गेले. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्यांना धरलं. अतिवेगासाठी दंड १ शिलिंग. मोटारचालकाला अतिवेगासाठी झालेली ही पहिली शिक्षा समजतात.

खडखडाट

सायकलवरून पकडलं? @पायडलवाली, तुमचेच कोणी पूर्वज दिसतायत.

पायडलवाली

परंपरा पुढे चालवायचा विचार आहे. आधी हवालदाराची शिट्टी आणते.

सरळरेषा

मी गणित शिकवते. इथे सगळे दहा-दहा म्हणतायत, जणू दहा सगळीकडे सारखेच. करून बघू.

१० किमी अंतर घ्या. ५० ने १२ मिनिटं, ६० ने १०. वाचली २ मिनिटं. तेच अंतर १०० ने ६ मिनिटं आणि ११० ने ५ मिनिटं २७ सेकंद. वाचले ३३ सेकंद. म्हणजे वेळ खरा वाचतो तो कमी वेगाच्या रस्त्यावर. पण त्या रस्त्यावर दहा किलोमीटर सलग ६० ने कोण जाऊ देतंय? मध्ये चौक, सिग्नल, माणसं.

आता ब्रेक. समोर काहीतरी आलंय हे कळून पाय ब्रेकवर जायला १ सेकंद धरा. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक, म्हणजे मंदन (वेग उतरण्याचा दर) ७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ५० ने जाणारी गाडी ब्रेक लागेपर्यंत १४ मीटर जाते आणि पुढच्या १४ मीटरांत थांबते. एकूण २८. ६० ने जाणारी ब्रेक लागेपर्यंतच १७ मीटर गेलेली असते. तिच्याकडे उरले ११ मीटर. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी किती वेगाने जाईल?

ताशी ४०. वर्गात हे उदाहरण दिलं की मुलं आधी कॅल्क्युलेटरवर संशय घेतात आणि मग माझ्यावर.

काटेकोर

मुलांच्या बाजूने मीही. ६० वाली गाडी साधारण नऊ मीटर पुढे थांबेल, हे मान्य. नऊ मीटर म्हणजे दोन गाड्यांची लांबी. त्यात ४० कुठून आले?

सरळरेषा

कारण त्या नऊ मीटरांत तिला ४० वरून शून्यावर यायचंय. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गात असते आणि ब्रेक ती खातात अंतराच्या प्रमाणात. त्यामुळे पहिल्या मीटरांत वेग रेंगाळत उतरतो आणि शेवटच्या मीटरांत धाडकन. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. त्याचा वर्ग भागिले १४, म्हणजे मंदनाच्या ७ ची दुप्पट. उत्तर ८.८ मीटर. करा तुम्ही.

काटेकोर

केलं. ८.८ आलं. चहाडखोर गणित आहे.

रस्तेमोजणी

सरळरेषा यांचा हिशेब प्रत्यक्ष अपघातांत कसा दिसतो ते सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली ६० ची मर्यादा असलेल्या रस्त्यांवरचे अपघात तपासले होते. ६० च्या वर दर ५ किमीला, कोणीतरी जखमी होईल अशा अपघातात सापडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं त्यांना आढळलं. ६५ ला दुप्पट, ७० ला चौपट. म्हणजे धागाकर्त्यांचे 'चालणारे' दहा.

पादचाऱ्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटना सांगते ते असं: गाडीची समोरून धडक बसलेल्या माणसाच्या मृत्यूचा धोका ५० वरून ६५ ला जाताना साडेचारपट होतो.

उजवी_लेन

पण हळू जाणारेही तितकेच धोकादायक, हे तर फार आधीच सिद्ध झालंय ना? १९६४ चा सॉलोमनचा आलेख. सरासरी वेगाच्या जवळपास अपघात कमी, आणि त्याच्या खाली गेलात तरी वाढतात, वर गेलात तरी वाढतात. म्हणूनच मी म्हणतो, अडवू नका.

रस्तेमोजणी

तो आलेख उजव्या लेनचा राष्ट्रध्वज आहे, कल्पना आहे. पण त्यात डावीकडची बाजू जी वर चढते, तिच्यात वळायला म्हणून किंवा थांबायला म्हणून हळू झालेल्या गाड्याही मोजल्या गेल्या. त्यांना मागून धडक बसली, तर हळू चालवल्यामुळे अपघात झाला असं नाही म्हणता येत. ॲडलेडच्या अभ्यासात सरळ जाणाऱ्या गाड्याच घेतल्या, तर हळू जाणाऱ्यांचा धोका वाढलेला दिसला नाही.

द्रुतगती मार्गावर कोणी ४० ने रांगत असेल तर तो धोका आहेच, त्यावर वाद नाही. पण १०० च्या रस्त्यावर १०० ने जाणारा त्यात मोडत नाही.

निवृत्त_स्टिअरिंग

आयुष्य बस चालवण्यात गेलं. तुमची आकडेमोड वाचली, छान आहे. आम्हाला ती पायाला कळायची.

बसचं वेळापत्रक वेगामुळे चुकत नाही. ते चुकतं थांब्यावर. सामान चढवणं, दोघांचं भांडण, एखाद्या आजीबाईंना सावकाश उतरवणं. नवा पोरगा ती मिनिटं मधल्या पट्ट्यात गाडी दामटून भरून काढायला बघतो. पुढच्या रेल्वे फाटकाशी आम्ही त्याच्या मागेच उभे असायचो. प्रवासी मात्र त्याच्या गाडीतून जीव मुठीत धरून उतरायचे.

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. महामार्गावर तास-दोन तास पळवून माणूस वस्तीत शिरला की ६० म्हणजे बैलगाडी वाटते. डोळा वेगाला सरावलेला असतो. शपथेवर सांगाल की ४० ने आलो, आणि काटा ६५ वर. तिथे कोणी मुद्दाम मर्यादा मोडत नाही, त्याला वेग जाणवतच नाही. नव्या मुलांना मी सांगायचो, फाट्यावरून आत वळलं की काही वेळ डोळ्याचं ऐकू नका, काट्याचं ऐका. आणि सिग्नलला गाडी पूर्ण उभी राहिली की मगच डोळा ताळ्यावर येतो.

उतारावरचा

हे एकदम पटलं. घाट उतरून सपाटीला लागल्यावरही असंच होतं, फक्त उलट. तिथे ५० सुद्धा बुंगाट वाटतो. (आयडीचा अपमान करायचा हेतू नाही.)

बुंगाट

दिवा घेतला, म्हणजे हलकंच घेतलं.

मोजूनमापून

कॅमेऱ्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही. एकटा कॅमेरा असेल तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: त्याच्याआधी ब्रेक आणि तो गेला की दुप्पट जोर. त्यावर उपाय म्हणून दोन ठिकाणी नंबरपाटी टिपून मधल्या अंतराची सरासरी काढतात. नेदरलँड्समध्ये २००२ पासून, इटलीत २००५ पासून. तिथे कॅमेऱ्यापुढे नाटक करून भागत नाही.

फिनलंडमध्ये दंड उत्पन्नावर असतो. २००२ मध्ये हेलसिंकीत ५० च्या हद्दीत ७५ ने मोटरसायकल हाकल्याबद्दल नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला १,१६,००० युरो दंड ठोठावला होता. नंतर कमी झाला तो भाग वेगळा. पंचवीस किलोमीटर जास्तीचे.

सरळरेषा

सरासरी कॅमेऱ्याचं गणित मला फार आवडतं. दोन खांबांमध्ये तुमची सरासरी ११० आली, तर मध्ये कुठेतरी एका क्षणी काटा ११० वर होताच. मध्यमूल्य प्रमेय. पोलिसांना तो क्षण बघायची गरजच नाही.

खडखडाट

आणि मध्ये थांबून डुलकी काढली तर?

सरळरेषा

तर सुटाल. वाचवलेला वेळ झोपेत घालवून.

काटेकोर

दंडाऐवजी बक्षीस देऊन बघायला हवं.

मोजूनमापून

बघितलंय. २०१० मध्ये स्टॉकहोममध्ये एका ठिकाणी कॅमेरा मर्यादेत जाणाऱ्यांचेही फोटो काढायचा आणि त्यांच्यातून सोडत काढून जास्त वेगवाल्यांच्या दंडातलेच पैसे बक्षीस द्यायची कल्पना होती. सरासरी वेग ३२ वरून २५ वर आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे सगळीकडे लागू झालं नाही. सगळेच मर्यादेत गेले तर बक्षिसाला पैसे कुठून आणणार, हा प्रश्न असावा.

तांत्रिक_खाज

आता गाड्याच टोकायला लागल्यात. भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांत ८० च्या पुढे अधूनमधून बीप आणि १२० च्या पुढे सलग बीप असते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत पाट्या वाचून, नकाशा बघून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. पण चालक तिला डावलू शकतो.

दोघींमध्ये फरक आहे. ८० वाल्या बीपला समोर शाळा आहे की महामार्ग, काही कळत नाही. ४० च्या रस्त्यावर ७५ ने गेलात तरी ती गप्प. आणि १०० च्या रस्त्यावर ९० ने गेलात तरी कटकट. म्हणून लोक वैतागतात.

बुंगाट

मी तर त्या बीपच्या तालावर गाणी म्हणतो.

शिकाऊ_पाटी

मी नवीन आहे, परवानाही नुकताच मिळालाय. धागा वाचून आणखी गोंधळले. मर्यादेत चालवलं की मागून हॉर्न, डिपर, शेजारून जाताना हातवारे. घाबरून पाय दाबला जातो. शिकवणारे सर म्हणतात पाटीप्रमाणे चालव, आणि तेच सर स्वतः चालवताना पाटी बघत नाहीत. मी नक्की काय करू?

उजवी_लेन

ताई, डावीकडून चाला, आम्ही हॉर्न वाजवणार नाही. ओव्हरटेक झाला की परत डावीकडे या. आमचं भांडण वेगाशी नाही, जागेशी आहे.

पायडलवाली

डावीकडे मी असते. तिथेही जरा बघून. :)

निवृत्त_स्टिअरिंग

ताई, मागचा चिकटला तर वेग वाढवायचा नाही आणि त्याला धडा शिकवायला ब्रेकही मारायचा नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. म्हणजे पुढे काही झालं तर तुम्हाला हळूहळू थांबता येईल आणि मागच्यालाही वेळ मिळेल. त्याची चूक निस्तरायला जागा तुम्ही पुढे ठेवायची. जिथे मोकळं दिसेल तिथे बाजूला होऊन त्याला जाऊ द्या. पुढच्या सिग्नलला भेटेलच.

आरसा सारखा बघू नका. नव्या चालकाचा निम्मा जीव आरशात अडकलेला असतो.

शिकाऊ_पाटी

धन्यवाद काका. आरशाचं अगदी खरं आहे.

काटेकोर

पानभर मार खाल्ल्यावर सुधारित मत: ५० आणि त्याखालच्या रस्त्यांवर शून्य. तिथे ४० वालं गणित डोक्यातून जात नाहीये. पण दुभाजक असलेला रस्ता, १०० ची मर्यादा, दिवस, कोरडं, पुढे मोकळं असेल तर दहा. यावरून मी हटणार नाही.

सरळरेषा

१०० वरून ११० म्हणजे ऊर्जा २१ टक्के जास्त. हवेचा विरोधही तितकाच जास्त, म्हणजे इंधनही उडतं. मिळतात ते दर दहा किलोमीटरला ३३ सेकंद.

काटेकोर

ते ३३ सेकंद माझे आहेत.

पायडलवाली

अर्धं मान्य केलंत, तेवढं घेते. तुमच्या महामार्गावर मी नसतेच, तिथे तुम्ही आणि उजवी_लेन काय ते बघून घ्या.

उजवी_लेन

@काटेकोर, स्वागत आहे. पण माझ्यापुढे ११० ने अडवू नका म्हणजे झालं.

रस्तेमोजणी

दहा टक्केवाले तुम्हीच ना? १०० ला ११० हाच तुमचा आकडा होता, वर लिहिलाय.

उजवी_लेन

तो घरच्यांसमोरचा आकडा.

घाईत_आहे

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. किती वर जायचं हे गाडीवर असतं. माझी १४० लाही एकदम स्थिर. आता रुंद टायर बसवलेत, त्यामुळे आणखी पकड. काट्यावर बघून १० पेक्षा जास्त कधीच जात नाही.

तांत्रिक_खाज

@घाईत_आहे, १४० स्थिर आणि १० पेक्षा जास्त कधीच नाही, ही दोन वाक्यं एका प्रतिसादात कशी बसली ते राहू द्या. टायर रुंद केले की उंचही केले? मूळ माप काय होतं?

घाईत_आहे

मूळ १८५/६५ आर १५. आता २०५/६५ आर १५. दुकानदार म्हणाला काही फरक पडत नाही.

तांत्रिक_खाज

पडतो. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, मधला ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंची, त्यामुळे रुंदी वाढली की उंचीही वाढली. चाकाचा व्यास ६२१.५ मिमी होता तो ६४७.५ झाला. सुमारे ४ टक्के मोठा. एका फेऱ्यात गाडी तेवढी पुढे जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नाही. आधी काटा १०० दाखवायचा तेव्हा तुम्ही ज्या वेगात होतात, त्याहून आता ४ टक्के जास्त वेगात आहात, काटा मात्र तिथेच. म्हणजे काट्यात जी थोडीफार सूट लपलेली होती ती तुम्ही टायरच्या दुकानात देऊन आलात. २०५/६० घेतले असते तर व्यास ६२७ आला असता, फरक एका टक्क्याच्या आत. जीपीएस लावून एकदा बघा आणि आकडे इथे टाका.

घाईत_आहे

बरं. रविवारी बघतो.